दहा हिरे कमी: काही महिने खेळून झाल्यावरचा हिशेब

गेल्या आठवड्यात, मी काही महिने खेळत असलेल्या एका व्हिडिओ गेमच्या सपोर्ट विभागाने माझे तक्रारीचे तिकीट ‘निकाली’ असा शेरा मारून बंद केले आणि त्याच संध्याकाळी खेळातल्या टपालपेटीत अभिप्रायाची प्रश्नावली येऊन पडली. दैनंदिन बक्षिसांबद्दल आपण किती समाधानी आहात, हंगामी कार्यक्रमातली बक्षिसे पुरेशी वाटतात का, असे बरेच प्रश्न तीत आहेत. किमतींबद्दल मात्र एक अक्षरही नाही. तिथे जे लिहायला जागा ठेवलेली नाही ते इथे सविस्तर लिहितो. फुकट डाउनलोड, गाचा पद्धतीने (हिरे मोजायचे, काय मिळेल ते नशिबावर) पात्रांची सोडत, बॅटल पास (हंगामभर खेळून पातळ्या पूर्ण करत बक्षिसे मिळवायचा विकतचा पास), मासिक कार्ड (एकदा पैसे भरून महिनाभर रोज थोडे हिरे) आणि हिऱ्यांचे, म्हणजे खेळातल्या आभासी चलनाचे, दुकान ही रचना आता नेहमीचीच झाली असल्यामुळे ती जास्त समजावत बसत नाही. खेळाचे नावही घेत नाही, कारण नाव बदलले तरी पुढचा मजकूर फारसा बदलावा लागणार नाही.

माझी तक्रार अगदी साधी होती. या खेळात दोन प्रकारचे हिरे आहेत: खेळून मिळणारे निळे आणि पैसे मोजून घ्यायचे लाल. पात्रांचे पोशाख फक्त लाल हिऱ्यांनी घेता येतात आणि एका पोशाखाची किंमत आहे १३५० हिरे. दुकानात लाल हिऱ्यांची पाकिटे मिळतात ती ८०, ४२०, ११०० आणि २३०० अशी. ११०० चे एक आणि ८० ची तीन घेतली की बेरीज होते १३४०, म्हणजे दहा हिरे कमी. चौथे छोटे पाकीट घेतले की पोशाख मिळतो आणि खात्यात ७० पडून राहतात. ११०० ला ४२० ची जोड दिली तर १७० उरतात आणि थेट २३०० चे पाकीट घेतले तर ९५०. चारही पाकिटे २० च्या पटीत आहेत आणि १३५० ही संख्या २० च्या पटीत नाही, त्यामुळे कोणतीही पाकिटे कितीही घेतली तरी एका पोशाखानंतर खात्यात शून्य उरणे गणितानेच अशक्य आहे. पहिल्या खरेदीवर दुप्पट हिरे देण्याची सवलत आहे, पण दुप्पट केलेला आकडाही २० च्याच पटीत राहतो. हा योगायोग आहे असे मानायला मी तयार नाही, कारण ज्या संघाला सोडतीची शक्यता दशांशापर्यंत बसवता येते त्याला चार संख्यांची बेरीज नक्कीच करता येते.

दहा-वीस हिऱ्यांसाठी एवढा आटापिटा कशाला, असे कोणी म्हणेल. आटापिटा त्या दहा हिऱ्यांसाठी नसून उरलेल्या ७० चे पुढे काय होते त्यासाठी आहे. लाल हिऱ्यांचे निळ्यात रूपांतर करता येते, निळ्यांचे लालमध्ये होत नाही. ७० लाल हिऱ्यांत दुकानातली एकही वस्तू येत नाही. मग ते खाते उघडले की डोळ्यांसमोर नुसते दिसत राहतात आणि शेवटी निळ्यात वळवले जातात. निळ्या हिऱ्यांचा उपयोग एकच, सोडत. आणि एका सोडतीला लागतात १६०. म्हणजे किंमत आधी कळते म्हणून मी जी खरेदी निवडली, तिच्या उरलेल्या चिल्लरीने मला जिथे काय मिळेल ते कळत नाही त्या दारात आणून सोडले, आणि तिथेही पुन्हा ९० हिरे कमीच. पोशाखाची किंमत मुद्दाम अडनिडी ठेवण्याचा खरा उपयोग मला इथेच दिसतो.

सपोर्टकडे मी दोन पर्याय मांडले होते: १० हिऱ्यांचे पाकीट विका किंवा फरकापुरते निळे हिरे लाल म्हणून धरा. उत्तर आले की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा असून तो संबंधित गटाकडे पाठवला आहे. मी पुन्हा विचारले, पुन्हा तेच वाक्य आले, आणि तिकीट बंद. प्रश्नावली भरल्याबद्दल मात्र ३० हिरे तत्काळ जमा झाले. अर्थात निळे.

आता न्यायाने बोलायचे तर बक्षिसांच्या बाबतीत हा खेळ कंजूष नाही. रोजची कामे पाव तासात होतात, कथाभाग पुढे नेताना भरपूर निळे हिरे मिळतात, आणि सोडतीतली पिटी, म्हणजे अमुक इतक्या सोडतींनंतर दुर्मीळ पात्र हमखास देण्याची तरतूद, एका बॅनरवरून, म्हणजे ठरावीक मुदतीच्या सोडतीवरून, दुसऱ्या बॅनरवर पुढे चालते. या शेवटच्या गोष्टीचे मोल नव्या खेळाडूंना लवकर कळत नाही. शक्यता १ टक्का असेल तर शंभर सोडतींत एकदा मिळणारच, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात हमी नसेल तर शंभर सोडती काढूनही सुमारे ३७ टक्के खेळाडू रिकाम्या हाताने परततात. २०२० मध्ये आलेल्या गेन्शिन इम्पॅक्ट या गाचा खेळाने जी रचना घरोघरी पोहोचवली तीत पंचतारांकित पात्राची मूळ शक्यता ०.६ टक्के, नव्वदाव्या सोडतीला हमी, आणि हमी धरून एकत्रित शक्यता १.६ टक्के असे आकडे खेळातच छापलेले आहेत. म्हणजे हमी धरली की एकत्रित शक्यता मूळ शक्यतेच्या अडीचपटीहून जास्त होते. माझ्या खेळातही रचना याच धर्तीची आहे आणि तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

बॅटल पासबद्दल माझे मत मध्यंतरी बदलले, तेही नोंदवतो. पहिल्या हंगामात मला तो शुद्ध वेठबिगारीचा प्रकार वाटला होता: पैसे आधी भरायचे, हंगाम संपायच्या आत पातळ्या पूर्ण करायच्या, आणि मध्ये आजारपण किंवा कामाचा ताण आला तर भरलेल्या पैशांची बक्षिसे बुडाली. मधल्या एका अपडेटनंतर मात्र विकत घेतलेला पास हंगाम संपल्यावरही चालू ठेवता येऊ लागला. हेलो इन्फिनिट या खेळाने २०२१ मध्ये पासची मुदत संपू न देण्याचा मार्ग घेतला होता आणि हेलडायव्हर्स २ या खेळाचे वॉरबॉण्ड नावाचे पासही तसेच आहेत. तेव्हा ही सोय देता येते हे उघडच होते. या एका बदलामुळे रोज हजेरी लावण्याची सक्ती गेली आणि, गंमत म्हणजे, मी पूर्वीपेक्षा जास्त खेळू लागलो. मासिक कार्ड दर हिऱ्यामागे सर्वांत स्वस्त पडते. त्यातला चुकलेला दिवस बुडतो ही खोट आहेच, पण ती खरेदीआधी ठळक अक्षरांत सांगितलेली आहे.

खेळाडूंच्या आरडाओरड्याने काही होत नाही असेही नाही. २०१७ मध्ये स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २ या खेळात डार्थ व्हेडर हे पात्र मिळवायला खेळातली ६०,००० क्रेडिट लागत होती; संतापाची लाट आल्यावर तो आकडा १५,००० वर आला, आणि खेळ विक्रीला येण्याच्या आदल्या दिवशी खऱ्या पैशांची खरेदीच काही काळ थांबवावी लागली. २०२१ मध्ये गेन्शिनच्या पहिल्या वर्धापनदिनाची बक्षिसे खेळाडूंना अपमानास्पद वाटली, गूगल प्ले स्टोअरवर एक ताऱ्याच्या परीक्षणांचा पाऊस पडला, आणि कंपनीने जास्तीची बक्षिसे वाटली. मात्र बॅटलफ्रंटसारखे अपवाद सोडले तर या ओरड्यातून पदरात पडते ते बक्षीसच. फुकटचे हिरे वाटायला कंपनीला छदामही लागत नाही. पाकिटांचे आकडे बदलायचे तर उत्पन्नाला हात घालावा लागतो. म्हणूनच प्रश्नावलीत बक्षिसांचे इतके प्रश्न असतात, असे माझे मत आहे.

नियामकांचे लक्षही बराच काळ शक्यतांवरच राहिले. जपानने २०१२ मध्ये संच पूर्ण केल्यावर बक्षीस देणारा कॉम्प गाचा बंद पाडला, चीनने २०१७ पासून शक्यता जाहीर करायला लावल्या, त्याच वर्षाअखेरीस ॲपलने ॲप स्टोअरसाठी तसाच नियम केला, आणि दक्षिण कोरियात मार्च २०२४ पासून तो कायदा झाला. हे सगळे आवश्यकच होते. पण शक्यता कितीही प्रामाणिकपणे छापल्या तरी एका सोडतीला खरे किती पैसे पडतात हे काढायला खेळाडूला दोन रूपांतरे आणि एक भागाकार करावा लागत असेल, तर ती पारदर्शकता अर्धीच आहे. या बाजूला हात घातला गेला तो अगदी अलीकडे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये गेन्शिनच्या प्रकाशकाशी केलेल्या तडजोडीत २ कोटी डॉलरच्या दंडासोबत खेळातल्या आभासी चलनाचे विनिमय दर उघड करण्याची आणि लूट बॉक्स, म्हणजे आत काय निघेल ते आधी न कळणाऱ्या पेट्या, थेट खऱ्या पैशांत घेता येण्याची अट घातली. आणि मार्च २०२५ मध्ये युरोपच्या ग्राहक संरक्षण यंत्रणांनी जी तत्त्वे मांडली त्यांत किंमत खऱ्या चलनात दाखवावी आणि ग्राहकाला नको असलेले आभासी चलन घ्यायला भाग पाडू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. माझे ७० हिरे नेमके या दुसऱ्या कलमात बसतात. सपोर्टला मी ते कलमही पाठवले होते. त्यावरही अभिप्राय मोलाचा असल्याचेच कळवण्यात आले.

तरीही पोशाख घ्यायचेच असतील त्यांच्यासाठी: एक न घेता दोन घ्या. दोन पोशाखांचे २७०० होतात आणि २३०० चे एक व ८० ची पाच पाकिटे त्यात काटेकोर बसतात. छोटे पाकीट दर हिऱ्यामागे सर्वांत महाग आहे, त्यामुळे पाचऐवजी ४२० चे एक घेऊन २० हिरे वाया घालवणे खिशाला हलके पडते. पण मग ते २० हिरे खात्यात दिसत राहतील. दोन पोशाख आवडतील असे नसेल तर एकही घेऊ नका. खेळ म्हणून पाचपैकी चार, बक्षिसांना चार, दुकानाला एक. माझे मासिक कार्ड या महिन्यातही चालू राहील. पोशाखांवर किंमत खऱ्या पैशांत लिहिली जाईपर्यंत त्या दुकानातून माझ्याकडून दुसरी विक्री होणार नाही.