शेवटची एस.टी. आणि एन-लिस्ट : ग्रंथालयाच्या ऑनलाइन सेवेचा वर्षभराचा अनुभव

आमच्या महाविद्यालयाचे ग्रंथालय सायंकाळी पाचला बंद होते आणि माझ्या गावाकडे जाणारी शेवटची एस.टी. साडेपाचला सुटते. तासिका तीनपर्यंत चालतात, त्यामुळे ग्रंथालयात बसायला दिवसाकाठी दोनच तास मिळतात, आणि संदर्भ विभागातली पुस्तके घरी देत नाहीत. एम.ए. अर्थशास्त्राच्या प्रकल्पासाठी मी ऊसतोड मजुरांच्या स्थलांतराचा विषय घेतला, तेव्हा हे दोन तास पुरेनासे झाले. म्हणून गेले वर्षभर मी एन-लिस्ट ही महाविद्यालयांना ई-नियतकालिके आणि ई-पुस्तके पुरवणारी ऑनलाइन सेवा बहुतेक वेळा घरून आणि मोबाइलवर वापरली. गावाहून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांना उपयोग व्हावा, या हेतूने हे परीक्षण लिहीत आहे.

एन-लिस्ट चालवते गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र. हे विद्यापीठ अनुदान आयोगाचे आंतरविद्यापीठीय केंद्र असून, २०१० पासून एन-लिस्टद्वारे महाविद्यालयांना सहा हजारांहून अधिक ई-नियतकालिके आणि एक लाखाहून अधिक ई-पुस्तके उपलब्ध होत आली आहेत. वर्गणी महाविद्यालय भरते, विद्यार्थ्याला वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत. प्रकाशकांची संकेतस्थळे एरवी वाचकाला त्याच्या संस्थेच्या इंटरनेट जोडणीवरून ओळखतात, त्यामुळे आवाराबाहेर पडले की दार बंद होते. एन-लिस्टमध्ये मात्र प्रत्येक सभासदाला स्वतःचे खाते आणि पासवर्ड मिळतो, आणि त्या खात्यातून पुढे गेल्यावर आपण नोंदणीकृत वाचक आहोत हे प्रकाशकाला कळते, मग आपण वाचनकक्षात बसलेले असू किंवा घरच्या ओसरीवर. माझ्या दृष्टीने या सेवेचे खरे मोल यातच आहे.

माझा सर्वाधिक वापर ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चा झाला. मुंबईहून निघणाऱ्या या साप्ताहिकाचे अलीकडचे छापील अंक आमच्या ग्रंथालयात येतात, परंतु मला हवे होते ते साखर कारखाने आणि हंगामी मजुरांवरचे जुने लेख. एका रात्री जेवणे आटोपल्यावर मी खाते उघडले, ऊसतोडीशी संबंधित तीन-चार शब्द आलटून पालटून टाकले आणि अकरा वाजेपर्यंत सात लेख उतरवून घेतले. ते वाचताना आमच्याच गल्लीतून दिवाळीनंतर बैलगाड्यांसह निघणारी माणसे, त्यांची उचल, मुकादमाचा हिशेब आणि ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी ही मोजणी, हे सारे अभ्यासाच्या भाषेत समोर आले. रोज पाहिलेल्या गोष्टीवर इतक्या गांभीर्याने लिहिले गेले आहे, हे कळल्याचा आनंद मी विसरणार नाही. स्तंभांत छापलेली पाने मोबाइलवर सरकवत वाचताना मात्र डोळे शिणतात. तक्ते असलेले लेख महाविद्यालयातल्या संगणकावरच वाचावेत.

ई-पुस्तकांबाबत प्रत्येक प्रकाशकाचे नियम निराळे आहेत. काही पुस्तकांची प्रकरणे उतरवता येतात, तर काही केवळ पडद्यावर वाचावी लागतात. एकगठ्ठा फाइली उतरवण्यास मनाई आहे. ती पाळली पाहिजे, कारण एका वाचकाच्या अतिरेकापायी साऱ्या महाविद्यालयाचा प्रवेश थांबू शकतो.

आता अडचणीविषयी. एन-लिस्टचे खाते विद्यार्थ्याला परस्पर मिळत नाही, सभासदांची यादी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून जावी लागते. आमच्याकडे ती पहिल्या सत्राच्या अखेरीस गेली, आणि त्यात माझ्या ई-मेलमधले एक अक्षर चुकले होते. पासवर्डची वाट पाहण्यात तीन आठवडे गेले. शेवटी देवघेवीच्या खिडकीशी उभे राहून मी ग्रंथपाल सरांना माझा ई-मेल एकेक अक्षर वाचून दाखवला, त्यांनी लगेच दुरुस्ती केली आणि दुसऱ्याच दिवशी खाते सुरू झाले. सरांनी मनापासून मदत केली, परंतु माझ्या वर्गातल्या अनेकांना आपल्यासाठी अशी सेवा आहे हेच ठाऊक नव्हते. प्रवेशाची पावती हाती पडते त्याच आठवड्यात प्रत्येक विद्यार्थ्याचे खाते सुरू झाले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

ज्यांचे खाते अजून झालेले नाही, त्यांनी ‘शोधगंगा’पासून सुरुवात करावी. इन्फ्लिबनेटच्याच या भांडारातले पीएच.डी.चे प्रबंध कोणालाही, कोणत्याही खात्याविना वाचता येतात. प्रबंधाच्या प्रकरणांच्या स्वतंत्र फाइली असतात. मी आधी संदर्भसूची उतरवते, कारण त्या विषयावर काय वाचावे याची जवळजवळ तयार यादीच तिथे मिळते. मराठी प्रबंध शोधताना देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिपींत शोधावे. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयही विनाशुल्क आहे, पण तिथे मुख्यतः साहित्याचा ठावठिकाणा मिळतो आणि मूळ मजकूर अनेकदा दुसऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर जाऊन वाचावा लागतो.

जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना सुरू झाली असून तिच्यात ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके आहेत. मात्र पहिल्या टप्प्यात ती केंद्र आणि राज्य शासनाच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आहे. महाराष्ट्रातली बहुसंख्य अनुदानित महाविद्यालये खासगी शिक्षण संस्थांची असल्यामुळे तिथल्या विद्यार्थ्यांसाठी एन-लिस्टचे महत्त्व कमी झालेले नाही. ही योजना लवकरात लवकर अनुदानित महाविद्यालयांपर्यंत पोहोचावी, असे मला कळकळीने वाटते. ऊसतोड मजुराची मुलगीही त्याच परीक्षेला बसते.

मराठी साहित्य किंवा इतिहास मराठीतून अभ्यासणाऱ्यांनी एन-लिस्टवर विसंबू नये, कारण तिथले साहित्य प्रामुख्याने इंग्रजी आहे. त्यांना मराठी विश्वकोशाचे संकेतस्थळ आणि राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची विनाशुल्क ई-पुस्तके अधिक उपयोगी पडतील. अर्थशास्त्र, वाणिज्य आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना मात्र मी ही सेवा निःशंकपणे सुचवते.

माझे खाते महाविद्यालयाच्या सभासदत्वाशी जोडलेले आहे, म्हणून अंतिम परीक्षेपूर्वीच लागणारे लेख उतरवून, प्रत्येक फाइलीला लेखक आणि वर्ष यांचे नाव देऊन जपून ठेवत आहे. आतापर्यंत चाळीस झाले आहेत.