म्हापशातील कॅमकॉर्डर टेप सेवा : फाइल उत्तम, डीव्हीडी बेताची

म्हापशाच्या बाजारपेठेतील एका जुन्या फोटो स्टुडिओत कॅमकॉर्डरच्या टेप संगणकावर उतरवून त्यांच्या डीव्हीडी करून देण्याची सेवा अद्याप चालू आहे. आमच्या घरातील टेप तेथे दिल्या होत्या. काम हाती आल्यावर ते सवडीने तपासले आणि मगच हे लिहायला घेतले. स्टुडिओचे नाव येथे देत नाही, कारण पुढे काही उणिवाही सांगायच्या आहेत आणि त्या या एकाच दुकानाच्या आहेत असे नाही. टेप उतरवण्याचे मूळ काम येथे फार नेटके होते, डीव्हीडी बेताची निघते, आणि ग्राहकाने संगणकावर उतरवलेली मूळ फाइल तोंडाने मागितली नाही तर त्याच्या पदरात ती बेताची डीव्हीडी तेवढी पडते.

आमच्या पिशवीत तीन प्रकारच्या टेप होत्या. बहुतेक मिनी डीव्ही, म्हणजे १९९५ नंतर आलेल्या डिजिटल कॅमकॉर्डरच्या. काही हाय-एट, म्हणजे त्याआधीच्या ॲनालॉग पद्धतीच्या, ज्या आखातात नोकरीला असलेल्या काकांच्या कॅमेऱ्यावर भरलेल्या होत्या. आणि एक व्हीएचएस-सी, म्हणजे व्हीएचएसचीच लहान कॅसेट. त्यांत घरची चवथ (गणेशचतुर्थी), माटोळीखाली, म्हणजे गणपतीच्या वर फळाफुलांनी सजवलेल्या चौकटीखाली, चाललेल्या आरत्या, अंगणातील फुगड्या, दोन लग्ने आणि गावच्या देवळाच्या उत्सवात गावकऱ्यांनीच बसवलेली नाटके असा ऐवज होता. गोव्यातील मराठी घरांत कॅमकॉर्डर आला तो साधारण याच गोष्टी टिपायला, त्यामुळे स्टुडिओतील तंत्रज्ञालाही टेपचे लेबल वाचल्यावर आत काय असणार याचा अंदाज असतो. उत्सवातील नाटक म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो टेप एसपीवर (नेहमीच्या वेगाने) भरली आहे की एलपीवर (संथ वेगाने), हा.

प्रश्न योग्यच होता. मिनी डीव्हीच्या साठ मिनिटांच्या टेपवर एलपी पद्धतीने नव्वद मिनिटे मावत, आणि नाटकाचा अंक मध्येच तुटू नये म्हणून पुष्कळ जण तो पर्याय निवडत. मात्र एसपीमध्ये फितीवरील नोंदीचा प्रत्येक पट्टा, म्हणजे ट्रॅक, दहा मायक्रॉन रुंद असतो आणि एलपीमध्ये तो पावणेसात मायक्रॉनांच्याही आत येतो, त्यामुळे ज्या कॅमेऱ्यावर टेप भरली तो सोडून दुसऱ्या यंत्रावर ती नीट वाचली जाईलच याची खात्री नसते. म्हणून जुना कॅमेरा बिघडला आहे असे वाटत असले, तरी टेपसोबत तो आणि त्याचा चार्जर दुकानात नेणे इष्ट. आमच्या कॅमेऱ्याची बॅटरी कधीच गेली होती, पण थेट वीज दिल्यावर यंत्र व्यवस्थित चालले आणि एलपीच्या टेप त्याच्यावरच निघाल्या.

आपल्याकडील दमट हवेचा टेपवर काय परिणाम होतो, हे या दुकानात टेबलाच्या दिव्याखाली पाहायला मिळते. तंत्रज्ञ कॅसेटचे झाकण बोटाने उचलून आतील फितीच्या कडा तिरप्या प्रकाशात न्याहाळतात. कडेवर पांढरट भुकटीसारखा थर दिसला की ती बुरशी समजून ती टेप बाजूला काढतात, कारण तशीच यंत्रात घातली तर ती हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, खराब करते आणि मागाहून येणाऱ्या चांगल्या टेपांनाही लागण होते. आमची एक हाय-एट अशी निघाली. ती त्यांनी स्वच्छ करायला वेगळी ठेवली आणि त्या कामाला जादा वेळ व जादा पैसे लागतील हे आधीच सांगितले. उरलेल्या टेप त्यांनी प्रथम एकदा शेवटपर्यंत पुढे नेल्या आणि पुन्हा मागे आणल्या. वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिलेल्या फितीचे वेटोळे काही ठिकाणी घट्ट आणि काही ठिकाणी सैल झालेले असते, ते असे एकदा फिरवल्याने सारखे बसते.

उतरवण्याचे काम टेपच्या चालीनेच चालते. तासाच्या टेपला तास लागतो. पेन ड्राइव्हवरून फाइल घ्यावी तसे हे झटपट होईल, अशी अपेक्षा ठेवून काउंटरवर ताटकळणारे ग्राहक मी पाहिले. मिनी डीव्हीसाठी येथे फायरवायर, म्हणजे कॅमेऱ्यातून संगणकात थेट डिजिटल सामग्री नेणारी जोडणी, वापरतात, आणि या सेवेची खरी गुणवत्ता तिच्यातच आहे. टेपवर चित्र मुळातच डिजिटल स्वरूपात असते. फायरवायरमधून ते आकडे जसेच्या तसे संगणकात येतात, म्हणजे चित्राची नवी नक्कल न होता तीच सामग्री फक्त जागा बदलते. तासाभराच्या टेपची फाइल सुमारे १३ जीबी होते. पणजीतील दुसऱ्या एका दुकानात मी पूर्वी एक टेप दिली होती. तेथे कॅमेऱ्यातून पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या वायरी काढून स्वस्तातल्या यूएसबी कॅप्चर उपकरणात खोचल्या होत्या. डिजिटल चित्र आधी ॲनालॉग केले, मग पुन्हा डिजिटल केले, वर ते दाबून लहान केले. त्या फाइलमध्ये हलणाऱ्या प्रत्येक हाताच्या कडेला कंगव्याच्या दात्यांसारख्या आडव्या रेषा दिसतात. म्हापशाच्या स्टुडिओने तीच टेप पुन्हा उतरवली, तेव्हा दोन्ही चित्रे एकाच कॅमेऱ्याची आहेत यावर घरातील कोणाचा चटकन विश्वास बसला नाही.

चालू टेपमध्ये एका ठिकाणी चित्रावर लहान लहान चौकोन पसरू लागले आणि आवाज तुटला. तंत्रज्ञांनी तेथेच टेप थांबवली, हेड साफ करणारी कॅसेट काही सेकंदच चालवली, मूळ टेप थोडी मागे घेतली आणि तो भाग पुन्हा उतरवला; चौकोन गेले. ग्राहक समोर नसतानाही ते हीच दक्षता घेत असावेत, कारण मी दुकानात नसताना उतरवलेल्या फाइलींमध्येही असे डाग फारसे आढळले नाहीत.

हाय-एट ही ॲनालॉग टेप. तिच्यासाठी त्यांच्याकडे एक जुना डिजिटल-एट, म्हणजे त्याच आकाराच्या टेपवर डिजिटल चित्र भरणारा, कॅमकॉर्डर आहे. त्या मालिकेतील काही मॉडेल हाय-एटची टेपही वाचतात आणि चित्र स्वतःच डिजिटल करून फायरवायरने बाहेर देतात, म्हणून त्या यंत्राला ते जपतात. व्हीएचएस-सीची कॅसेट मोठ्या आकाराच्या अडॅप्टरमध्ये बसवून साध्या व्हीसीआरवर लावली. तिचे चित्र यथातथाच आले, पण त्यात दुकानाचा दोष नाही.

डीव्हीडीच्या बाबतीत मात्र हा दर्जा खाली येतो. एकपदरी डीव्हीडीवर ४.७ जीबी मावतात. तासाभराची १३ जीबीची सामग्री एमपीईजी-२ मध्ये, म्हणजे डीव्हीडीच्या चित्र लहान करण्याच्या पद्धतीने, दाबून तिच्यावर ठेवली तर चित्र पाहण्यासारखे राहते. दोन तास कोंबले तर सेकंदाला जेमतेम पाच मेगाबिट वाट्याला येतात आणि चित्राची रया जाते. दुकानाचा रिवाज दोन तासांना एक डिस्क असा आहे. लग्नाच्या मांडवातील भरपूर उजेडात हे खपून जाते. देवळासमोरच्या रंगमंचावरील नाटकात खपत नाही, कारण अंधुक उजेडात जुना कॅमेरा चित्रात रवाळपणा आणतो आणि तो सतत हलणारा रवा दाबायला एमपीईजी-२ ला सर्वांत जड जातो. आमच्या डिस्कवर राजाच्या अंगरख्याची जरतार ओळखू येते, त्याच्या मागचा पडदा मात्र चौकटी-चौकटींनी थरथरतो. एका डिस्कवर एकच तास ठेवा, असे सांगितल्यास ते ठेवतात. डिस्कचा खर्च दुप्पट होतो, इतकेच.

पहिल्या डिस्कमध्ये आणखी एक खोट होती. संथ प्रसंग ठीक दिसत, पण फुगडीचा फेर वेगात आला की बायका पुढे-मागे धक्के खात फिरताहेत असे वाटे. जुन्या चित्रात प्रत्येक फ्रेम सम आणि विषम रेषांच्या दोन फील्डांनी बनलेली असते. डीव्हीमध्ये खालचे फील्ड आधी येते, आणि डीव्हीडी बनवताना सॉफ्टवेअरला वरचे आधी असे सांगितले गेले की नेमके असे होते. दुकानाने हुज्जत न घालता डिस्क पुन्हा करून दिली, शुल्क घेतले नाही. तरीही डिस्क घेताना वेगवान हालचालीचा एखादा प्रसंग तेथेच लावून पाहावा.

मेन्यूविषयी काय लिहावे? मागे गुलाबाच्या पाकळ्या, वर सोनेरी अक्षरे आणि त्या अक्षरांत ‘चतुर्थी’चा रफार भलत्याच ठिकाणी जाऊन बसलेला, कारण ते जुने सॉफ्टवेअर देवनागरी जोडाक्षरे जुळवू शकत नाही. ‘एडिटिंग’ या नावाखाली मूळ आवाज काढून त्यावर बासरीचे संगीत घालण्याचा पर्यायही ते देऊ करतात. तो कोणी घेऊ नये. आरतीच्या टेपमध्ये घुमट, शामेळ आणि कासाळे या वाद्यांच्या मधूनच आजीचा कोणाला तरी हाक मारणारा आवाज येतो, तो बासरीने कसा भरून निघणार? डिस्कच्या बाबतीत एक गोष्ट मात्र त्यांची पसंत पडली : कागदी लेबल चिकटवण्याऐवजी ते छापता येण्याजोग्या पृष्ठभागाची डिस्क वापरतात. चिकटवलेले लेबल दमट हवेत उचकटते आणि डिस्कचा तोल बिघडवते.

मूळ डीव्ही फाइल मागून घ्या असे मी म्हणतो, त्याला चित्राच्या दर्जाखेरीज दुसरेही कारण आहे. डीव्ही टेपवर चित्रासोबत चित्रीकरणाची तारीख आणि वेळ नोंदवलेली असते, आणि फायरवायरने घेतलेल्या फाइलमध्ये ती टिकते. कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर लावलेले असेल तर कोणती चवथ कोणत्या वर्षीची, हा घरातील वाद तेथेच मिटतो. या स्टुडिओने तारीख बदलेल तेथे फाइल तोडून प्रत्येक प्रसंग वेगळा दिला, हे काम वाखाणण्यासारखे आहे. डीव्हीडी केली की ही नोंद नाहीशी होते. शिवाय नव्या लॅपटॉपना डिस्क ड्राइव्ह नसतो, आणि विंडोज ८ पासून डीव्हीडी चित्रपट पाहण्याची सोयही विंडोजमध्ये आपसूक येत नाही, व्हीएलसीसारखे वेगळे सॉफ्टवेअर घालावे लागते. ज्यांच्या घरी दूरदर्शन संचाला अजून डीव्हीडी प्लेअर जोडलेला आहे अशा वडीलधाऱ्यांसाठी डिस्क जरूर करावी. तेवढ्यापुरतीच करावी.

दर मला वाजवी वाटले : मिनी डीव्हीला तासाला ३०० रुपये, हाय-एटला ४००, आणि प्रत्येक डिस्कला १५०. ग्राहकाच्या हार्ड डिस्कवर फाइल देण्याचे वेगळे पैसे घेत नाहीत, पण हा पर्याय दरपत्रकावर लिहिलेला नाही, आणि काम सोपवून काही काळ लोटला की ते आपल्या संगणकावरील फाइली पुसतात. जागा लागते, हे त्यांचे म्हणणे खरे आहे; तरीही पुसण्यापूर्वी ग्राहकाला एक फोन करायला हरकत नसावी.

लग्नसराईत आणि चवथीच्या आधीच्या आठवड्यांत स्टुडिओत छायाचित्रणाचीच झुंबड असते, त्या काळात टेप दिल्यास त्या फडताळातच राहतात. न्यायची हार्ड डिस्क एक्सफॅट किंवा एनटीएफएस फॉरमॅटची असावी. जुन्या फॅट-३२ फॉरमॅटवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि वीसेक मिनिटांपेक्षा लांबीचा सलग अंक त्या मर्यादेत मावत नाही.