धुणीभांडी, पोळ्या की पापड? पायपीट धरून हिशेब

घरकाम धरायचं तर पगाराच्या आधी दोन घरांमधलं अंतर विचारा. पुण्यात जनता वसाहतीतून निघून सहकारनगरात एकाच सोसायटीत तीन घरं मिळाली, तर सातला गेलेली बाई अकरापर्यंत मोकळी होते. त्यातलं एक घर बाणेरला असेल तर पगार दिसायला जास्त, पण दोन बस बदलायच्या, गेटवर नोंद होईपर्यंत थांबायचं. त्या वेळेचे पैसे कोणी देत नाही. वर उशिराची बोलणी खायची!

धुण्याभांड्यांत वर्षं गेली तरी काम तेच. पगारवाढीसाठी दर वेळी घासाघीस, आणि कंबर जाते ती वेगळीच. म्हणून हाताला चव असेल तर लवकर पोळ्यांवर जा, असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे माणशी ठरतात, तासाभरात घर उरकतं. एका घरच्या घडीच्या पोळ्या मऊ झाल्या की समोरच्या काकू जिन्यातच अडवतात, "आमच्याकडे जमेल का गं?" मग पूर्ण स्वयंपाक, होळीला पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी, जमलंच तर स्वतःचं पोळीभाजी केंद्र. या ओळखी बाहेर पडल्याशिवाय होत नाहीत.

मसाले निवडणं, गजरे, नगावरची शिलाई ही घरबसल्या कामं तान्हं मूल असेल तेव्हा बरी. जाण्यायेण्याचा खर्च नाही, पण माल देणारा एकच आणि दरही तोच ठरवणार. दहा बाय दहाच्या खोलीत माल पसरला की पोरांनी अभ्यासाला बसायचं कुठं?

लिज्जतचं मात्र निराळं. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेलं काम ते. तिथं लाटणारी बाई सभासद असते, नफ्यात वाटेकरी असते आणि शाखेची संचालिकाही होऊ शकते. सकाळी शाखेत जाऊन लाटलेले पापड द्यायचे, नवं पीठ आणायचं. मात्र शाखा जवळ हवी आणि घरात पापड वाळवायला स्वच्छ जागा हवी. पावसाळ्यात तीच अडचण.

पुण्यात 'स्वच्छ'चाही विचार करा. कचरावेचकांची ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेसोबत काम करते. ठरलेल्या घरांचा कचरा उचलायचा, त्याचे पैसे घरटी मिळतात, भंगार विकून वरचे. नातेवाईक नाकं मुरडतील, मुरडू देत.

मूल शाळेत जायला लागलं असेल तर मी पोळ्याच सुचवेन, तेही चालत जाता येईल एवढ्याच टापूत. महिन्याच्या सुट्ट्या आणि दिवाळीचा जादा पगार मात्र काम धरतानाच बोलून घ्या. नंतर तो विषय निघत नाही.