होमस्कूलिंग करणाऱ्या मुलांसाठी अँकी कितपत कामाचं?

शाळेत न जाणाऱ्या मुलाला पुस्तकं मिळतात, व्हिडिओ मिळतात, शिकवणारी माणसंही मिळतात. जुन्या अभ्यासावर अचानक प्रश्न टाकणारं मात्र कुणी नसतं. वर्गात घटक चाचणी असते, बाई मागच्या महिन्यातल्या धड्यावरचं काहीतरी मध्येच विचारतात, शेजारच्याने दिलेलं उत्तर ऐकून आपल्यालाही आठवतं. घरी एखादा विषय तीन आठवडे झपाटल्यासारखा केला जातो, मग दुसरा सुरू होतो, आणि सहा महिन्यांनी पहिल्यातलं काय उरलं हे ना मुलाला ठाऊक असतं ना आईबाबांना. अँकी ही एवढीच उणीव भरून काढतं, आणि ते काम चोख करतं. अट एकच: उत्तर आठवलं की नाही हे सांगणारी बटणं मुलाने स्वतः दाबायची आणि खरी दाबायची. ही अट पाळली जाणार नसेल तर हे परीक्षण पुढे वाचलं नाही तरी चालेल.

अँकी म्हणजे फ्लॅशकार्डांचं सॉफ्टवेअर. डेमियन एल्म्स यांनी ते २००६ मध्ये आणलं. ते मुक्तस्रोत आहे, संगणकावर फुकट आहे. अँड्रॉइडवरचं अँकीड्रॉइडही फुकट आहे. आयफोन आणि आयपॅडवरचं अँकीमोबाइल मात्र विकत घ्यावं लागतं. स्टोअरमध्ये नावात ‘अँकी’ असलेली बरीच अ‍ॅप दिसतात, त्यांतल्या अनेकांचा या प्रकल्पाशी काही संबंध नाही. डाउनलोड करण्याआधी नाव नीट वाचा.

कार्डाच्या पुढे प्रश्न, मागे उत्तर. उत्तर मनात दिलं, मग कार्ड उलटलं, मग चारपैकी एक बटण दाबलं: अगेन, हार्ड, गुड किंवा इझी. त्यावरून पुढचा मुक्काम ठरतो. कार्ड दहा मिनिटांनी येईल, आठवड्याने येईल किंवा चार महिन्यांनी. यामागचा विचार जुना आहे. हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ मध्ये मांडला. घरी शिकणाऱ्यांनी त्याहून जास्त लक्षात ठेवावा तो रोडिगर आणि कार्पिके यांचा २००६ चा प्रयोग. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. घरी शिकणारी मुलं बहुधा भरपूर वाचतात, त्यामुळे ‘हे मला येतं’ हा भास त्यांना जरा जास्तच होतो.

सगळी मेख हार्ड बटणात

अँकी गुण देत नाही. उत्तर टाइप करायचं कार्ड केलं तरी ते फक्त तुमचं उत्तर आणि बरोबर उत्तर शेजारी रंगवून दाखवतं. निकाल शिकणाऱ्यानेच द्यायचा असतो. शाळेत परीक्षक वेगळा असतो, इथे परीक्षक आणि विद्यार्थी एकच. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला ‘अगेन’ दाबणं म्हणजे नापास झाल्यासारखं वाटतं आणि ‘हार्ड’ दाबलं की जरा बरं वाटतं. अँकीच्या लेखी मात्र हार्डचा अर्थ ‘आठवलं, पण कष्टाने’ असा आहे. ते पास होण्याचंच बटण आहे.

आकड्यांत बघू. कार्डांची अंतरं ठरवण्याच्या जुन्या एसएम-२ पद्धतीत एखादं कार्ड वीस दिवसांच्या अंतरावर आहे आणि मुलगी उत्तर साफ विसरली आहे. तिने अगेन दाबलं तर ते दहा मिनिटांनी परत येतं आणि मग उद्या. हार्ड दाबलं तर अंतर १.२ पटीने वाढतं, म्हणजे विसरलेलं कार्ड थेट चोवीस दिवसांनी. तोवर उरलंसुरलंही पुसलेलं असतं. ती पुन्हा हार्ड दाबते, आणि असं शंभर कार्डांच्या बाबतीत झालं की पूर्ण डेक, म्हणजे कार्डांचा गठ्ठा, सडतो. एफएसआरएस ही नवी पद्धत २०२३ पासून अँकीतच अंगभूत आहे. तिथे नुकसान आणखी खोलवर जातं, कारण ती दाबलेल्या बटणांवरूनच शिकणाऱ्याची स्मरणशक्ती मोजते. खोट्या हार्डमुळे इतर कार्डांचीही अंतरं ताणली जातात.

उपाय सोपा आहे: पहिले दोन-तीन महिने फक्त दोन बटणं वापरायची. आठवलं तर गुड, नाही आठवलं तर अगेन. अर्धवट आठवलं तरी अगेनच. चुकून दुसरंच बटण दाबलं गेलं तर संगणकावर कंट्रोल-झेड आहेच.

याच्याच जोडीला पालकांची एक खोड येते: आकडेवारीच्या पानावर डोळा ठेवणं. तिथे बरोबर आठवलेल्या कार्डांचे ८८ टक्के दिसले की ‘बारा टक्के का चुकलं?’ हा प्रश्न ठरलेला. पण मूळ सेटिंगमध्ये अँकीचं लक्ष्यच ९० टक्के असतं. दहातलं एक कार्ड विसरलं जावं अशीच त्याची आखणी आहे, कारण विसरण्याच्या काठावर आठवलेलं जास्त टिकतं. सतत १०० टक्के येत असतील तर एक तर कार्डं गरजेपेक्षा लवकर येताहेत किंवा बटणं खोटी पडताहेत. टक्क्यांबद्दल घरात एकदा बोलणी बसली की हार्डचा वापर वाढतोच. तेव्हा ते पान मुलाचं मुलालाच राहू द्या.

सेटिंग

मूळ सेटिंगमध्ये रोज २० नवी कार्डं असतात. घरच्या अभ्यासाला हा आकडा फार मोठा आहे. रोजच्या नव्या कार्डांच्या साधारण सात ते दहा पट उजळणी काही आठवड्यांत रोज मागे लागते. म्हणजे २० नव्यांमागे दीडशे-दोनशे. दहा-अकरा वर्षांच्या वरच्या मुलाला रोज ५ नवी पुरेत. उजळणी चाळीसच्या आसपास राहते, आणि कार्डामागे दहा सेकंद धरले तर सात-आठ मिनिटांत आटोपते. हे फारच कमी वाटत असेल तर हिशेब करा: आठवड्याचे पाच दिवस, वर्षाचे चाळीस आठवडे, म्हणजे हजार कार्डं. तेवढं पक्कं आठवणारं मूल शाळेतही विरळाच.

डेकच्या पर्यायांत एफएसआरएस चालू करा, डिझायर्ड रिटेन्शन, म्हणजे वर सांगितलेलं लक्ष्य, ०.९० वरच ठेवा. ०.९५ केलं की उजळणी भराभर वाढते आणि पदरात फारसं जास्त पडत नाही. काही महिन्यांचा वापर साठला की ऑप्टिमाइझ दाबायचं (त्याने पद्धत मुलाच्या नोंदींशी जुळवून घेते), मग महिन्याकाठी एकदा. दोन्ही बाजूंनी विचारली जाणारी कार्डं असतील, म्हणजे शब्दावरून अर्थ आणि अर्थावरून शब्द, तर बरीइंगचे, म्हणजे जोडीचं कार्ड दुसऱ्या दिवसावर ढकलण्याचे, पर्याय चालू करा. ते बंद असले की उलटं कार्ड त्याच दिवशी समोर येतं आणि आधीच्यानेच उत्तर फोडलेलं असतं. आठवड्यात एखादा दिवस घराबाहेरच जात असेल तर अलीकडच्या आवृत्त्यांतलं इझी डेज त्या वाराचं ओझं कमी करून इतर दिवसांवर पसरतं.

भावंडं असतील तर संगणकावर प्रत्येकाचं वेगळं प्रोफाइल करा. एकाच डेकवर दोघं बसली की कुणाचीच अंतरं खरी राहत नाहीत.

कार्ड कुणी करायची

ज्याने शिकायचं त्याने. तयार डेक हजारोंनी मिळतात आणि पालकांना ते उतरवून घ्यायचा मोह होतोच. परक्या डेकमधलं कार्ड म्हणजे न समजलेल्या गोष्टीचं पाठांतर. देशांच्या राजधान्या किंवा मूलद्रव्यांच्या संज्ञा अशा सुट्या गोष्टींना तयार डेक चालतो. बाकी ठिकाणी प्रश्न स्वतः मांडताना जे डोकं चालवावं लागतं तोच अर्धा अभ्यास.

सुरुवातीची कार्डं हमखास एकाच साच्यात चुकतात. पुढे ‘अक्षवृत्त म्हणजे काय?’ आणि मागे पुस्तकातली चार ओळींची व्याख्या. यातलं दोन ओळी आठवणं म्हणजे बरोबर की चूक? मुलालाही ठरवता येत नाही, आणि बटण खोटं पडतं. शिवाय अक्षवृत्त आणि रेखावृत्त एकमेकांत अडकून बसतात. आठ वेळा चुकलेल्या अशा कार्डावर अँकी ‘लीच’ असा शिक्का मारतं. शिक्का बसला की कार्ड घोकत बसू नका, ते मोडा. त्या एका कार्डाची चार करता येतात:

विषुववृत्ताला समांतर असलेली वर्तुळं कोणती? अक्षवृत्तं.
सगळी दोन्ही ध्रुवांवर एकत्र येतात ती कोणती? रेखावृत्तं.
ग्रीनिचमधून जाणारं शून्य अंशाचं वृत्त कोणतं? मूळ रेखावृत्त.
एक अंशाचं अंतर ध्रुवाकडे जाताना घटत जातं, ते कोणत्या वृत्तांमधलं? रेखावृत्तांमधलं.

प्रत्येकाचं उत्तर एका दमात देता येतं आणि बरोबर-चूक यात शंका उरत नाही. आठवड्यातून एकदा ब्राउझ खिडकीत लीचचा टॅग शोधून दोघांनी मिळून ती कार्डं दुरुस्त करणं हे पालकांचं खरं काम. आकडेवारी बघण्यापेक्षा ते कितीतरी उपयोगी आहे.

आकृत्यांसाठी इमेज ऑक्लूजन अंगभूत आहे: हृदयाचं चित्र टाका, नावांवर चौकोन ओढा. त्यात ‘हाइड ऑल, गेस वन’ निवडा, नाहीतर उघड्या राहिलेल्या नावांवरून उरलेलं नाव ओळखता येतं. तरीही मुलं बऱ्याचदा नाव चित्रातल्या जागेवरूनच ओळखतात आणि दुसऱ्या पुस्तकातली आकृती दिसली की गडबडतात. म्हणून त्याच भागाची दोन वेगळी चित्रं घ्यावीत. भाषा शिकताना कार्ड तयार करायच्या खिडकीतलं माइकचं चिन्ह वापरून उच्चार रेकॉर्ड करता येतो, आणि अँकीड्रॉइडच्या व्हाइटबोर्डवर बोटाने लिपी गिरवता येते. या दोन सोयी फारशा कुणी वापरत नाहीत, हे नवलच.

काय जमत नाही

समजावून सांगणं. न समजलेल्या धड्याची कार्डं केली तर ती महिनाभरात लीच होतात. शार्लट मेसन यांच्या पद्धतीतलं कथन, म्हणजे एकदा वाचलेलं पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दांत सांगणं, हे कार्डांच्या आधी व्हायला हवं. सांगता आलं तर कार्ड करायचं, अडखळलं तर परत वाचायचं.

गणिताला अँकी तोकडं पडतं. ठरावीक उदाहरण कार्डावर घातलं की तिसऱ्या वेळी मुलाला रीत न आठवता उत्तरच आठवतं. सूत्रं आणि अटी घाला, उदाहरणार्थ ‘विवेचक ऋण असेल तर वर्गसमीकरणाला वास्तव मुळं किती?’ उदाहरणं वहीत, रोज नवी. निबंध, प्रयोग आणि वाद घालणं या गोष्टींशी अँकीचा संबंध नाही.

अनस्कूलिंगवाल्या घरांत, म्हणजे जॉन होल्ट यांच्या विचाराने मुलाच्या कुतूहलामागे जाणाऱ्या घरांत, अँकी सक्तीने आणलं तर टिकत नाही. तिथे मुलाला स्वतःहून काही लक्षात ठेवायचं असेल, पक्ष्यांची नावं, रागांचे आरोह, बुद्धिबळाच्या सुरुवाती, तेव्हाच ते दाखवावं. नऊ-दहा वर्षांच्या खालच्यांना पडदा नकोच. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात मांडलेली कागदी कार्डांची पेटी पुरते: पाच कप्पे, बरोबर आलेलं कार्ड एक कप्पा पुढे, चुकलेलं थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज बघायचा, पुढचे क्रमाने उशिरा.

सुट्टीनंतरचा ढीग

बहुतेक घरांत अँकी इथेच बंद पडतं. दोन आठवडे प्रवास होतो, परत आल्यावर तीन-चारशे कार्डं थकलेली दिसतात आणि मूल अ‍ॅप उघडायचंच सोडतं. अशा वेळी नवी कार्डं शून्यावर आणा, रोजची उजळणी ६० वर बांधा आणि क्रम ‘डिसेंडिंग रिट्रीव्हेबिलिटी’ असा लावा. त्यामुळे अजून आठवत असलेली कार्डं आधी येतात, हात सुटतो आणि पुरती विसरलेली शेवटी राहतात. ढीग आठ-दहा दिवसांत उतरतो. डेक रीसेट करू नका, आजवर जमलेली सगळी अंतरं त्याबरोबर जातात.

आणि सिंकबद्दल. संगणक आणि फोन अँकीवेब या अँकीच्या ऑनलाइन सेवेने फुकट जोडता येतात, पण दोन्हीकडे वेगवेगळी कार्डं असताना पहिल्यांदा जोडलं तर अँकी अपलोड की डाउनलोड असं विचारतं. अपलोड म्हणजे या उपकरणावरचं वर जाणार आणि वरचं पुसलं जाणार, डाउनलोड म्हणजे उलट. दोन्ही एकत्र होत नाहीत. म्हणून कार्डं आधी एकाच उपकरणावर तयार करा, तिथून अपलोड करा आणि दुसरं उपकरण रिकामं असतानाच डाउनलोड करा. चूक झालीच तर लगेच काही न करता संगणकावर स्विच प्रोफाइलमध्ये जाऊन बॅकअप उघडा. अँकी बॅकअप आपोआप ठेवतं. तरीही महिन्यातून एकदा माध्यमांसकट सगळा संग्रह एक्स्पोर्ट करून दुसरीकडे ठेवलेला बरा.