डिस्क बदलल्या म्हणून ५,६०० घेतले, गाडीवर जुन्याच होत्या

साताऱ्यात पुढचे ब्रेक करायला गाडी टाकणार असाल तर आधी हे वाचा. माझं बिल असं झालं: पॅडचा सेट २,८५०, दोन्ही डिस्क ५,६००, कॅलिपर सर्व्हिसिंग १,८००, मजुरी ९००. एकूण ११,१५०. (डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती, पॅड तिला दोन्ही बाजूंनी दाबतात, आणि पॅड दाबणारा भाग म्हणजे कॅलिपर.) दुसऱ्या दिवसापासून पुढच्या चाकातून खरखर सुरू. 'नवीन पॅड आहेत, हजार किलोमीटरला सेट होतील' गॅरेजवाले म्हणाले. परत गेलो तर 'व्हील बेअरिंग (चाक ज्यावर फिरतं ते) गेलंय' म्हणून आणखी ३,४००. म्हणजे १४,५५० गेले आणि आवाज तसाच.

नवे पॅड पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर बारीक आवाज करतात, हे खरं. पण लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज सेट होत नसतो.

माझी चूक कुठे झाली ते सांगतो, कारण ते आठवलं की अजून झोप लागत नाही. ब्रेक दाबला की खरखर वाढत होती. बेअरिंगचा आवाज वेगाबरोबर वाढतो, वळणावर एका बाजूला भार आला की बदलतो, ब्रेक दाबून वाढत नाही. हे मला माहीत होतं! तरी मान डोलावली. त्याआधी जुने पॅड नव्या खोक्यात घालून हातात दिले होते. डिस्क मागितल्या तर 'भंगारवाला सकाळीच घेऊन गेला.' आठ-नऊ किलोचं लोखंड सकाळी जातं आणि पॅड मागे राहतात? तिथेच थांबायला हवं होतं. पण रोज यवतेश्वर घाट उतरायचा, पाऊस तोंडावर, ब्रेकवर घासाघीस कोण करतं?

दुसऱ्या मिस्त्रीनं चाक काढलं आणि डिस्कच्या बाहेरच्या कडेवरून नख फिरवलं. नख अडकलं. गंजलेली कड उभी होती, मधला भाग पॉलिश पेपर मारून चकाकवलेला. नव्या डिस्कला अशी कड नसतेच. व्हर्निअर लावलं तर जाडी १९.४ मिलिमीटर, आणि डिस्कवरच कोरलेली किमान जाडी २०. जुना पॅड झिजून त्या कडेच्या आत बसला होता, नवा तिच्यावर चढून घासत होता. कॅलिपरच्या पिना कोरड्या, ग्रीसचा थेंब नाही. १,८०० कशाचे घेतले? उजवीकडे डिस्कमागचा पातळ पत्रा काम करताना वाकून डिस्कला टेकलेला. तो स्क्रू ड्रायव्हरनं मागे सारला, एक पैसा लागला नाही. ब्रेक न दाबता चाकाच्या फेऱ्यागणिक 'खर्र' येत असेल तर आधी हा पत्रा बघा, त्यात खडा अडकलाय का तेही बघा.

बेअरिंगचं कोणी सांगितलं तर गाडी जॅकवर घ्या, चाक वर-खाली धरून हलवा, हातानं फिरवा. खेळ म्हणजे ढिलेपणा नाही, घरघर नाही, तर पैसे देऊ नका.

चौकीत गेलो. 'पैसे स्वखुशीनं दिलेत, हा दिवाणी मामला.' दुसऱ्या एका कार्यालयात पक्कं बिल मागितलं. अहो, कच्चं बिल देणं हाच तर गॅरेजवाल्याचा डाव! त्यानं जीएसटी नंबरविना चिठ्ठी दिली, आणि ती चिठ्ठी माझ्याविरुद्ध पुरावा? तीन फेऱ्या, तीन टेबलं, प्रत्येकाचं बोट दुसऱ्याकडे. घाटात ब्रेक फेल झाले असते तर पंचनाम्याला मात्र सगळे आले असते. माणूस मरेपर्यंत ही तक्रारच नाही का?

पैसे रोख देऊ नका, मी दिले. नव्या डिस्कचं खोकं तुमच्यासमोर फोडायला लावा, जाडी मोजून फोटो काढा.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. व्हर्निअरचे फोटो आणि दुसऱ्या मिस्त्रीचं लेखी म्हणणं जोडलंय. ज्यांनी नुकत्याच डिस्क बदलल्यात त्यांनी उद्याच चाक काढून कडेवरून नख फिरवा.