पुस्तकात नसलेला व्हिलन: मुलांना आधी कुठला पिक्चर दाखवायचा?

सुट्टीत भाचरं जमली की हॉलमध्ये बेडशीट टांगून प्रोजेक्टरवर पिक्चर बघायचा हे आमच्याकडे ठरलेलं, आणि पिक्चर कुठला ते मी ठरवायचं. एकदा माझा अंदाज सपशेल चुकला आणि पाच वर्षांची भाची रात्रभर मला चिकटून झोपली, कूस बदलू देईना. त्या पिक्चरचं नाव पुढे येईलच. तेव्हापासून मी लावायच्या आधी बघून घेते, आणि बघते ते राक्षस किती भयंकर आहे हे नाही, माणूस कसला आहे ते.

कारण चेटकीण, ड्रॅगन, वाघ हे सगळं पोरं पॉपकॉर्न खात पचवतात. रडवतो तो साध्या कपड्यातला माणूस. आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा तो मूळ पुस्तकात नसतोच, पिक्चरवाल्यांनी घुसवलेला असतो. त्यांचीही अडचण आहे म्हणा. मायकल बाँडचं पॅडिंग्टन अस्वलाचं पहिलं पुस्तक 1958 चं, त्यात अस्वल आंघोळीला जातं आणि बाथरूमभर पाणी करून ठेवतं, संपलं प्रकरण, पुढच्या प्रकरणात वेगळा घोळ. रात्री झोपताना वाचायला एकदम मस्त, पण दीड तास खुर्चीत बसवायचं तर कोणीतरी मागे लागायला हवं ना.

आता ऑझचे, म्हणजे ऑझ नावाच्या जादूच्या देशात पोचलेल्या डोरोथीचे, दोन पिक्चर घेऊ, कारण दोन्हींत युक्ती एकच आहे आणि परिणाम अगदी उलटा. 1939 च्या 'द विझार्ड ऑफ ऑझ'मध्ये मिस गल्च आहे. मूळ लेखक बॉमच्या 1900 च्या पुस्तकात ही बाई नाही, तिथे डोरोथीच्या घरचा, कॅन्ससचा भाग दोन-चार पानांत उरकतो आणि वादळ येतं. पिक्चरमध्ये ती सायकलवरून येते, मागे टोपली, आणि हातात शेरीफचा कागद की टोटो मला चावला, सबब कुत्रा माझ्या ताब्यात द्या. काका-काकू चांगली माणसं, पण कागदापुढे काय बोलणार, शेवटी हेन्रीकाका स्वतःच्या हाताने टोटोला तिच्या टोपलीत ठेवतो. हा सीन जेमतेम काही मिनिटांचा, पण आमच्याकडची पोरं पुढच्या उडत्या माकडांपेक्षा इथे जास्त गप्प झाली. मग वादळात खिडकीबाहेर तीच बाई सायकल मारत जाते आणि बघता बघता तिची झाडूवरची चेटकीण होते. दोन्ही भूमिका मार्गारेट हॅमिल्टनच्या, ज्या सिनेमात यायच्या आधी बालवाडीत शिकवायच्या! पुढे 1976 मध्ये त्या 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमात चेटकीण होऊन आल्या तर पालकांनी इतक्या तक्रारी केल्या की तो भाग पुन्हा दाखवला नाही.

पण टोटो मिनिटभरात टोपलीतून उडी मारून पळत घरी येतो, आणि तिथे मुलं सुटतात. एकच राहून जातं, शेवटी डोरोथी जागी होते तेव्हा गल्चबाईंच्या त्या कागदाचं काय झालं हे कोणी सांगतच नाही. तुमच्याकडे प्रश्न विचारणारं पोर असेल तर उत्तर तयार ठेवा.

आणि 1985 चा 'रिटर्न टू ऑझ', हीच माझी ती चूक. इथेही आधी माणूस आणि मग तोच नट ऑझमधला राक्षस: डॉक्टर वर्ली पुढे नोम राजा होतो, नर्स विल्सन पुढे मोंबी चेटकीण. पण गल्च निदान बाहेरून येते हो. इथे डोरोथीला झोप येत नाही, ती ऑझच्या गोष्टी सांगत राहते म्हणून एम काकू स्वतः गाडीतून तिला या डॉक्टरकडे घेऊन जाते आणि रात्रीसाठी तिथे सोडून परत निघते. डॉक्टर वाईट बोलतच नाही, उलट विजेच्या मशीनकडे बोट दाखवून बघ हे याचे डोळे, हे नाक असं गोड आवाजात समजावतो. मग रात्री पोरीला पट्ट्यांनी बांधून चाकाच्या खाटेवरून नेतात, चाकं किरकिरतात, तळघरातून कोणाचं तरी ओरडणं ऐकू येतं. वीज जाते आणि तिथलीच एक मुलगी पट्ट्या सोडवते म्हणून ती वाचते, घरचं कोणी वाचवायला आलं म्हणून नाही. बॉमच्या ज्या दोन पुस्तकांवर हे बेतलंय (1904 आणि 1907 ची) त्यांत हा दवाखाना नाही. पिक्चर म्हणून मला हाच जास्त आवडतो, खरं सांगायचं तर, पण अकरा-बारा वर्षांच्या खाली नको. आणि इंजेक्शनला घाबरणारं मूल असेल तर अजिबातच नको.

म्हणून आता माझा चाळणी लावायचा प्रश्न एकच असतो: या माणसाला दार कोणी उघडलं?

'द आयर्न जायंट'मध्ये (1999) तर आईच उघडते. टेड ह्यूजच्या 1968 च्या पुस्तकात शेतकरी खड्डा खणून त्या लोखंडी माणसाला पुरतात, पुढे अंतराळातून एक महाकाय प्राणी येतो, पण पिक्चरने गोष्ट 1957 च्या अमेरिकेत नेली, नुकताच रशियाचा स्पुटनिक उपग्रह उडालाय आणि सगळे आकाशाकडे संशयाने बघतायत, आणि त्यात केंट मॅन्सली नावाचा सरकारी माणूस आणला. हा गोष्टीतल्या होगार्थ या मुलाच्या घरात खोली भाड्याने घेतो, पोराला चॅम्प, चीफ असल्या लाडक्या नावांनी हाका मारत चौकशी करतो. होगार्थ त्याच्या आइस्क्रीममध्ये जुलाबाचं चॉकलेट घालतो तिथे पोरं खदखदून हसतात, आणि पुढे तोच माणूस मुलाला आईपासून तोडायची धमकी देतो तेव्हा तीच पोरं थिजतात. शेवटी गावावर क्षेपणास्त्र सोडायला लावून जीप घेऊन पळायला निघतो, इतका भेकड. आठच्या पुढच्यांना जरूर दाखवा, पण नंतर बोलायला वेळ ठेवा.

मोगलीचं काय, असं कोणीतरी विचारेलच. 1994 चा 'द जंगल बुक' नावावर जाऊन लावू नका. त्यात कॅप्टन बून हा इंग्रज अधिकारी घुसवलाय आणि खजिन्याच्या नादात त्याची माणसं जंगलात एकेक करून मरतात. मूळ पुस्तक लिहिणाऱ्या किपलिंगने मोगलीचं जंगल जिथे दाखवलंय ती सिवनी आपल्या नागपूरहून जबलपूरला जाताना रस्त्यात लागते, त्यामुळे मला वाटलं होतं ओळखीचं काही दिसेल. कसलं काय.

राहिले पहिले दोन पॅडिंग्टन, आणि खरी निवड इथेच आहे. दोन्ही पॉल किंगचे, दोन्हींचे व्हिलन पुस्तकाबाहेरचे. 2014 मधली मिलिसेंट (निकोल किडमन) म्युझियममध्ये मेलेल्या प्राण्यांत पेंढा भरणारी, तिला पॅडिंग्टनही काचेआड हवाय. का, तर तिच्या वडिलांनी पेरू देशात बोलणारी अस्वलं सापडूनही एकही मारून आणलं नाही म्हणून त्यांची अब्रू गेली होती. कारण भक्कम आहे, पण टेबलावरची हत्यारं बघून आमचा सहा वर्षांचा भाचा पाय वर घेऊन बसला. शिवाय मधे पॅडिंग्टनला घरात ठेवून घेणाऱ्या ब्राऊनकाकांचाच अस्वलावर विश्वास बसत नाही आणि ते बिचारं घर सोडून जातं, ते पोरांना जास्त लागतं.

2017 च्या दुसऱ्या भागातला फिनिक्स बुकॅनन (ह्यू ग्रँट) म्हणजे उतरती कळा लागलेला नट, कुत्र्यांच्या खाण्याच्या जाहिराती करतो, माळ्यावर स्वतःच्या जुन्या पोशाखांशी गप्पा मारतो. एक पॉप-अप पुस्तक तो चोरतो आणि तुरुंगात जातो पॅडिंग्टन. वाईट काय कमी आहे यात? पण ब्राऊन मंडळी एक क्षणही डगमगत नाहीत, आमचं अस्वल चोर नाही म्हणजे नाही. त्यामुळे तुरुंगातसुद्धा पोरं निवांत असतात.

तेव्हा एकटं मूल मांडीवर असेल तर जुना ऑझ, मोठी पोरं असतील तर आयर्न जायंट, आणि पाच ते अकराची मिक्स गँग असेल तर डोळे झाकून 'पॅडिंग्टन 2'. फक्त नावं सुरू झाली म्हणून लगेच लाइट लावू नका, बुकॅनन तुरुंगात नाचतो ते तिथेच आहे.