सिझेरियन मागणाऱ्या बाईचे नीट ऐकून घेणारे प्रसूतिगृह

माझ्या धाकट्या बहिणीला पहिलटकरीण असूनही सिझेरियनच हवे होते. आधी गाठलेल्या एका ठिकाणी वयस्कर डॉक्टरांनी ‘कळा सोसायच्याच असतात’ एवढे सांगून विषय मिटवला, तर दुसऱ्या ठिकाणी ‘मुहूर्त पाहिला आहे का?’ असे विचारत लगेच तारखा पुढे केल्या. तिला नॉर्मल का नको, हे दोन्हीकडे कोणीही विचारले नाही. पुण्यातील या लहानशा प्रसूतिगृहाची शिफारस मी करतो, ती मुख्यतः येथील डॉक्टर मॅडमनी तो प्रश्न पहिल्याच भेटीत विचारला म्हणून.

आमच्या वहिनीचे रखडलेले, चिमटा लावावा लागलेले बाळंतपण बहिणीने जवळून पाहिले होते आणि भीतीचे मूळ तिथे होते. मॅडमनी ती भीती खोटी ठरवली नाही. एपिड्युरलने, म्हणजे पाठीच्या कण्याजवळ दिल्या जाणाऱ्या वेदनाशामक इंजेक्शनने, कळांची तीव्रता किती कमी होते, हे त्यांनी समजावले; सिझेरियननंतर पोटावरची जखम भरायला लागणारा वेळ आणि पुढच्या गरोदरपणात वार (प्लॅसेंटा) गर्भाशयावरील जुन्या व्रणावर रुजण्याचा धोकाही तितक्याच स्पष्टपणे सांगितला. दोनच मुले हवी असणारी आणि अधिक मुले हवी असणारी बाई यांच्यासाठी या धोक्याचे वजन वेगळे असते, हे त्यांच्याकडूनच कळले. सगळे ऐकूनही बहिणीने सिझेरियनच निवडले. ३९ आठवडे पूर्ण होण्याआधी मात्र करणार नाही, कारण त्याआधी काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता वाढते, ही त्यांची अट होती आणि पत्रिका पाहून आलेल्या आमच्या काकांसमोरही त्या तिच्यावर ठाम राहिल्या.

ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २०११ साली हीच दिशा दाखवली होती: कारण विचारा, चर्चा करा, तरीही बाईचा निर्णय कायम असेल तर शस्त्रक्रिया द्या, आणि स्वतः करायची नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवा. आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार खासगी रुग्णालयांतील ४७.४ टक्के, तर सरकारी रुग्णालयांतील १४.३ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. ही तफावत पाहता मागणी खरोखर बाईची आहे की डॉक्टरांच्या सोयीची, हे तपासणारे डॉक्टर मला फार मोलाचे वाटतात.

उणिवाही आहेत. संमतिपत्र केवळ इंग्रजीत आहे, ते मराठीत असायलाच हवे. बालरोगतज्ज्ञांचे शुल्क पॅकेजमध्ये धरलेले नाही. नाव नोंदवतानाच त्याचा आकडा लेखी मागून घ्यावा.